तळाला स्फटिक नाहीत, पूडच साचते: तांब्याच्या कॉम्प्लेक्समधली नेहमीची अडचण

लक्षण साधारण असे असते. मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, निळे द्रावण घेतले, त्यात लिगंड (तांब्याला धरून त्याच्याशी कॉम्प्लेक्स नावाचे संयुग बनवणारा रेणू किंवा आयन) घातला, मग थोडा अल्कली. रंग पालटतो, मन सुखावते, बीकर झाकून कोपऱ्यात ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी पाहावे तर तळाला फिकट हिरवट-निळी, पिठासारखी पूड. हलवली की ढगासारखी वर येते, गाळताना गाळणकागद तुंबवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात एकही धारदार कड सापडत नाही. मग आपण थंड करण्याचा वेग बदलतो, भांडे बदलतो, अल्कोहोल घालून पाहतो. पूड ती पूडच.

यात माझे तीन आठवडे गेले आहेत. मला तांब्याचे बेंझोएट हवे होते. बेंझोइक आम्ल थंड पाण्यात १०० मिलिलिटरला जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळते, हे ठाऊक असूनही मी ते मोरचुदाच्या द्रावणात नुसते ढवळले आणि वरून धुण्याच्या सोड्याचे द्रावण ओतले. साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, आला, तो अल्कोहोलने आणि पाण्याने धुतला आणि पुढचे तीन आठवडे त्यालाच पुन्हा विरघळवून स्फटिक करण्याच्या मागे लागले. शेवटी ०.२०० ग्रॅम कोरडी पूड क्रुसिबलमध्ये तापवली. तांब्याच्या बेंझोएटच्या त्रिहायड्रेटमधून, म्हणजे पाण्याचे तीन रेणू धरलेल्या रूपातून, सुमारे ०.०४४ ग्रॅम काळा ऑक्साइड उरायला हवा होता. उरला ०.१४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पुडीत बेंझोएट जवळपास नव्हतेच. होते ते तांब्याचे आम्लारिधर्मी, म्हणजे हायड्रॉक्साइडही पोटात असलेले, कार्बोनेट, मॅलाकाइट या हिरव्या खनिजाच्या जातीचे. त्याचे स्फटिक वाढवण्याची माझी सारी धडपड चुकीच्या पदार्थावर चालली होती.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे: स्फटिक का वाढत नाहीत हा प्रश्न नंतरचा. आधी ही पूड कोणाची, ते ठरवा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पूड कोणाची?

चार सोप्या परीक्षा आहेत. चिमूटभर ओली पूड पाण्यात घालून ८० अंशांच्या आसपास तापवा. ती तपकिरी-काळी पडली तर ते हायड्रॉक्साइड. पाण्यातच त्याचा काळा ऑक्साइड होतो. दुसरी: पूड नीट धुऊन तिच्यावर विरळ आम्लाचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कार्बोनेट. तिसरी, मोरचुदापासून सुरुवात केली असेल तर: धुतलेली पूड विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बेरियम क्लोराइडचा थेंब घाला. दाट पांढरा साका आला तर सल्फेट पुडीच्या आतच बसलेले आहे, म्हणजे आम्लारिधर्मी सल्फेट. मात्र धुणे अर्धवट राहिले असेल तर ही परीक्षा फसवते, म्हणून शेवटचे धुवणीचे पाणी याच थेंबाने आधी तपासा. बेरियमची विरघळणारी लवणे विषारी आहेत, हातमोजे हवेत.

चौथी परीक्षा वजनाची, आणि माझा भरवसा तिच्यावरच आहे. कोरडी पूड हवेत हळूहळू तापवत न्यायची, धूर संपून काळा ऑक्साइड उरेपर्यंत. हायड्रॉक्साइडमधून मूळ वजनाच्या सुमारे ८१ टक्के उरते, मॅलाकाइटमधून ७२ टक्के. लिगंड खरोखर बसलेला असेल तर आकडा पुष्कळ खाली येतो: ग्लायसीनच्या कॉम्प्लेक्सच्या मोनोहायड्रेटमधून सुमारे ३५ टक्के, बेंझोएटच्या त्रिहायड्रेटमधून २२ टक्के. काटा अगदी बारीक नसला तरी २२ आणि ७२ यांतला फरक लपत नाही. आम्लारिधर्मी सल्फेटबाबत मात्र हा आकडा धरू नका, कारण सल्फेट जाण्यासाठी उष्णता फार लागते. तिथे बेरियमचीच परीक्षा. हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटात करायचे. आणि नायट्रेट किंवा पर्क्लोरेट असलेला पदार्थ असा कधीही तापवू नका. सेंद्रिय लिगंडबरोबरची पर्क्लोरेटची लवणे कोरडी असताना नुसत्या खरवडण्यानेही स्फोट करू शकतात.

तांबे लिगंडऐवजी पाण्याकडे का वळते?

कॉपर हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे ते किती कमी विरघळते याचे माप, २.२ गुणिले १० चा उणे २० वा घात असा धरला, तर ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल, तांब्याच्या द्रावणात सामू, म्हणजे पीएच, ४.७ च्या वर गेला की हायड्रॉक्साइड बाहेर पडू शकते. ही मर्यादा किती खाली आहे ते लक्षात घ्या: द्रावण अजून आम्लधर्मीच असते. शंभरपट पातळ केले, ०.००१ मोलरवर आणले, तर मर्यादा ५.७ वर जाते. शंभरपट पातळ करून फक्त १ अंक मिळतो.

दुसरीकडे बहुतेक लिगंड प्रोटॉन सोडल्याशिवाय तांब्याला धरत नाहीत. ग्लायसीनचे पाहा. त्याच्या अमाइन टोकावरचा प्रोटॉन सुटायला ९.७ च्या आसपासचा सामू लागतो, पण तांब्याची ओढ इतकी जबरदस्त की ते प्रोटॉनला हुसकावून जागा घेते. प्रत्येक लिगंडमागे एक प्रोटॉन द्रावणात येतो. मोरचुदातले सल्फेट हा प्रोटॉन जवळपास उचलत नाही, द्रावण आम्लधर्मी होत जाते आणि क्रिया अर्ध्यावर अडकते. रंग थोडा गडद होतो, पुढे काही नाही. आपण अधीर होतो आणि कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकतो. जिथे तो थेंब पडतो तिथे क्षणभर सामू १२ च्या पुढे जातो, आणि तिथले तांबे हायड्रॉक्साइड होऊन बसते. ढवळल्यावर सगळा बीकर ५ च्या सामूवर आला तरी एकदा बसलेला साका परत विरघळायला वेळ लागतो. ताजा असेल, लिगंड जोरकस असेल, तर विरघळतो. जुना झाला, किंवा लिगंड बेंझोएटसारखा सौम्य असला, तर तसाच राहतो.

यातून एकच कामाचा प्रश्न निघतो: सुटणारा प्रोटॉन कोण उचलणार? ज्याने उचलायचा तो सौम्य असावा, संपूर्ण द्रावणात पसरलेला असावा, आणि स्वतः तांब्याशी घट्ट बांधला जाणारा नसावा. अ‍ॅसिटेट या तिन्ही कसोट्यांना उतरते.

मी आता कसे करतो

ग्लायसीनच्या कॉम्प्लेक्ससाठी मोरचूद बाजूला ठेवतो आणि कॉपर अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेट घेतो. २.० ग्रॅम म्हणजे ०.०१ मोल. ते २५ मिलिलिटर गरम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवतो आणि त्यात तेवढेच गरम इथेनॉल मिसळतो. पाणी उकळत ठेवू नका. कॉपर अ‍ॅसिटेटचे द्रावण नुसते उकळले तरी अ‍ॅसिटिक आम्ल वाफेबरोबर निघून जाते आणि आम्लारिधर्मी अ‍ॅसिटेटचा निळसर गाळ बसतो. म्हणजे लिगंड घालण्याआधीच पूड तयार. द्रावण गढूळ दिसले तर अ‍ॅसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका, निवळ होईपर्यंत थांबा, तरीही निवळले नाही तर गरम असतानाच गाळा.

दुसऱ्या बीकरमध्ये १.५ ग्रॅम ग्लायसीन, म्हणजे ०.०२ मोल, २५ मिलिलिटर गरम पाण्यात. दोन्ही ७० अंशांच्या आसपास असताना मिसळतो. व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो वास हीच खूण: अ‍ॅसिटेटने प्रोटॉन उचलला. रंग गडद निळा होतो, द्रावण मात्र पारदर्शक राहते. थंड होताना फिकट निळ्या, रेशमी, सुईसारख्या स्फटिकांचा दाट पुंजका येतो. तो सिस प्रकार, दोन्ही ग्लायसीनची सारखी टोके एका बाजूला असलेला. त्याच द्रावणात थोडे जास्तीचे ग्लायसीन घालून तासभर तापवत ठेवले तर सुया जाऊन चकचकीत पापुद्रे येतात, तो ट्रान्स, सारखी टोके समोरासमोर असलेला. एकाच कॉम्प्लेक्सची ही दोन रूपे आहेत, हे ठाऊक नसेल तर पापुद्रे पाहून काही बिघडले असे वाटते. बिघडलेले नसते.

मोरचूदच वापरायचे असेल तर सोडियम अ‍ॅसिटेट घाला. तांब्याच्या अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेटसाठी २.५ ग्रॅम मोरचूद, २ मिलिलिटरला थोडे अधिक अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन आणि ३ ग्रॅमच्या आसपास सोडियम अ‍ॅसिटेटचे त्रिहायड्रेट, एवढे पुरते. बेंझोइक आम्लासारखा न विरघळणारा लिगंड असेल तर त्याला आधी वेगळ्या भांड्यात मोजून सोडा घालून पूर्ण सोडियम लवण करून घ्या, सामू ७ ते ८ च्या आत आणा आणि मगच तांब्याकडे न्या. क्रम महत्त्वाचा आहे: अल्कली लिगंडवर, तांब्यावर कधीच नाही. आणि लिगंडच्या द्रावणात तांब्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडा, उलट नको. म्हणजे प्रत्येक थेंबाला भोवती लिगंडच लिगंड सापडतो. याला अपवाद एकच, एका तांब्याला एकच लिगंड हवा असेल तेव्हा. तिथे ही पद्धत दोन लिगंडांचे कॉम्प्लेक्स देऊन मोकळी होते.

नळाचे पाणी या कामात वापरू नका. त्यातले बायकार्बोनेट तांब्याला हिरव्या कार्बोनेटच्या रूपात खाली बसवते. तो हिरवा रंग पाहून कॉम्प्लेक्स तयार झाल्याचा भास होतो.

पूड बरोबर आहे, पण पूडच आहे

वजनाची परीक्षा उतरली, लिगंड बसलेला आहे, तरीही पीठच मिळते. ही दुसरी अडचण, आणि तिचे मूळ तांब्याच्या स्वभावात आहे. तांब्याच्या द्विसंयुजी आयनाच्या बाह्य कवचात नऊ डी-इलेक्ट्रॉन असल्याने त्याचा अष्टफलक, म्हणजे भोवतीच्या सहा शेजाऱ्यांची मांडणी, ताणलेला असतो: चार बंध २ अँगस्ट्रॉमच्या आसपास, दोन बंध लांबलेले आणि सैल. याला जान-टेलर परिणाम म्हणतात. या सैल टोकांमुळे तांब्याभोवतीचे पाणी सेकंदाला अब्जावधी वेळा बदलते. क्रोमियमच्या त्रिसंयुजी कॉम्प्लेक्ससाठी तासन्‌तास तापवावे लागते. तांब्यात लिगंड भेटता क्षणी बसतो. कॉम्प्लेक्स पाण्यात विरघळणारे नसेल तर थेंब मिसळताच लक्षावधी केंद्रके, म्हणजे स्फटिकांचे अगदी पहिले कण, एकदम जन्मतात, आणि जो माल दहा स्फटिकांत जायचा तो दहा लाख कणांत वाटला जातो.

अशा वेळी नुसते सावकाश थंड करून उपयोग नाही, कारण साका थंड होण्याआधीच पडलेला असतो. भेटच सावकाश घडवावी लागते.

सर्वांत साधा मार्ग थरांचा. अरुंद परीक्षानळीत तळाला जड द्रावण, मधे दोन्ही विद्रावकांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा दोन-तीन सेंटिमीटरचा कोरा थर, आणि वर हलके द्रावण. पाण्यात तांबे आणि वर इथेनॉलमध्ये लिगंड हे चांगले जमते, कारण इथेनॉलची घनता ०.७९ आहे. ड्रॉपरचे टोक नळीच्या भिंतीला टेकवून थेंब भिंतीवरून उतरू द्या. सीमारेषा डोळ्यांना दिसली पाहिजे. मधला कोरा थर बहुतेक जण वगळतात आणि नेमका तिथेच साक्याचा पडदा धरतो. मग दोन आठवडे नळीला हात लावायचा नाही. उचलून उजेडात धरून पाहण्याचा मोह मी समजू शकतो, पण तेवढ्याने थर मिसळतात.

दोन्ही द्रावणे पाण्यातलीच असतील तर थर टिकत नाहीत, तिथे जेल. सोडियम सिलिकेटच्या द्रावणाची घनता १.०४ च्या आसपास ठेवून, त्यात लिगंड मिसळून, अ‍ॅसिटिक आम्लाने सामू ५ च्या जवळ आणला की एक-दोन दिवसांत ते गोठते. वर तांब्याचे पातळ द्रावण हळूच घालायचे. जेलमध्ये प्रवाह नसतो, आयन फक्त विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, सरकतात, आणि बहुतेक केंद्रके वाढायच्या आधीच गुदमरतात. उरलेली मोजकी स्फटिके मोठी होतात. तांब्याचे टार्ट्रेट या पद्धतीने सुरेख वाढते. सिलिकेटमध्ये आम्ल ओतू नका, आम्लातच सिलिकेट ओता, नाहीतर ज्या बिंदूला हवे त्याच्या आधीच गुठळ्या होतात.

तिसरा मार्ग अमोनियाचा, कार्बॉक्झिलेट लवणांसाठी मला सर्वांत आवडणारा. न विरघळणारी पूड पुरेशा अमोनियात विरघळवायची. द्रावण गडद जांभळट निळे होते. भांडे छिद्रे पाडलेल्या पातळ कागदाने झाकून हवेशीर कपाटात ठेवायचे. अमोनिया जसजसा उडतो तसतसे तांबे मोकळे होते आणि कॉम्प्लेक्स संथपणे बाहेर पडते. धोका असा की काही वेळा अमोनिया स्फटिकातच बसतो आणि वेगळेच संयुग मिळते. रंग अपेक्षेपेक्षा जांभळट असेल तर तसा संशय घ्या आणि वजनाची परीक्षा पुन्हा करा.

सेंद्रिय विद्रावकात विरघळणाऱ्या कॉम्प्लेक्सचे काम सोपे आहे, पूड पुन्हा विरघळवता येते. अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट पाण्यात कणभरच विरघळते, म्हणून ते पाण्यातून नेहमी पूड म्हणूनच येणार. त्यात काही चुकलेले नाही. ते गाळा, वाळवा, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, बारीक गाळणीतून काढा आणि मेथॅनॉलच्या थराखाली ठेवा. लांब निळ्या सुया येतात. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की या सुया न तुटता वाकतात, त्यांची गाठसुद्धा मारता येते. ज्याच्या हाताखाली स्फटिक नेहमी काचेसारखे फुटले आहेत त्याने एकदा तरी हे करून पाहावे.

माझ्या त्या बेंझोएटचे सांगायचे राहिले. त्याचे त्रिहायड्रेट स्फटिकात तांब्याच्या सरळ साखळ्या करते आणि एकमितीय चुंबकत्वाचा नमुना म्हणून भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. १९९७ साली त्यावर न्यूट्रॉन विकिरणाचे गाजलेले प्रयोग झाले. न्यूट्रॉनना सूक्ष्म कण पुरत नाहीत, चांगले भरीव स्फटिक लागतात. बीकरमध्ये ढवळून जे कधीच मिळत नाही ते संथ विसरणाने इतके मोठे वाढवता येते, हे कळल्यावर मी सोड्याची बाटली बाजूला ठेवली.

इतर तक्रारी, थोडक्यात

तेलाचे थेंब सुटतात, स्फटिक नाहीत: द्रावण फार दाट आहे किंवा फार वेगाने अतिसंपृक्त होत आहे. निम्मे पातळ करा. तरीही तेलच आले तर आयन बदला, सल्फेटऐवजी नायट्रेट किंवा टेट्राफ्लुरोबोरेट.

द्रावण तपकिरी झाले, तांबूस-नारिंगी गाळ आला: तांबे एकसंयुजी झाले. लिगंडमध्ये थायॉल, अ‍ॅल्डिहाइड किंवा एस्कॉर्बिक आम्लासारखा भाग आहे का पाहा. डायमिथिलफॉर्मामाइडमध्ये खूप वेळ तापवल्यानेही होते, कारण त्याच्या विघटनातून फॉर्मेट तयार होते. आयोडाइड तर तांब्याजवळ आणूच नका. पांढरे क्युप्रस आयोडाइड आणि तपकिरी आयोडीन एवढेच हाती येते.

सुया फारच बारीक, क्ष-किरणांना पुरत नाहीत: ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा एकसंध स्फटिक हवा असतो. त्याच पुंजक्यातली एक बरी सुई बीज म्हणून किंचित कमी संपृक्त ताज्या द्रावणात सोडा. बीज विरघळू लागले तर द्रावण अजून पातळ आहे, सगळीकडे नवे कण दिसले तर अजून दाट. दोन-तीन फेऱ्यांत बिंदू सापडतो.

स्फटिक सुंदर होते, बाहेर काढल्यावर पांढरट होऊन चुरा झाले: जाळीतला विद्रावक उडाला. मेथॅनॉल किंवा डायक्लोरोमिथेन असेल तर काही मिनिटे पुरतात. अशा स्फटिकांना मूळ द्रावणातून वर काढूच नका. तिथेच ठेवून झाकण घट्ट लावा, आणि तपासणीला पाठवताना थेट घट्ट तेलाच्या थेंबात उचला.

मूळ द्रावण सिंकमध्ये ओतू नका, तांबे जलचरांना घातक आहे. लिगंड धरून बसलेले तांबे नुसत्या सोड्याने बसत नाही, म्हणून कॉम्प्लेक्सचे उरलेले द्रावण धातूंच्या कचऱ्याच्या बाटलीत वेगळे साठवा आणि बाटलीवर लिगंडचे नाव लिहा.